वसाहतीतील रस्त्यांची कामे आणि रहिवाशांचे दैनंदिन जीवन : नांदेड व लातूर शहरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

रस्ता हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत अनेक ठिकाणी येतो. अर्थशास्त्रात तो पायाभूत सुविधा म्हणून येतो, भूगोलात दळणवळणाचे साधन म्हणून येतो, लोकप्रशासनात स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्तव्य म्हणून येतो. या तिन्ही ठिकाणी रस्ता पूर्ण झालेला असतो. त्याचे काम चालू असतानाचा काळ कोणत्याच विषयाच्या वाट्याला आलेला नाही. मराठवाड्यातील एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेली वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या माणसाने स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर या अर्धवट काळाचा वाटा किती मोठा आहे हे त्याचे त्यालाच कळून येईल. उखडलेली गल्ली, दाराशी पडलेला गिट्टीचा ढीग, उघडे चेंबर आणि "पुढच्या आठवड्यात होईल" हे उत्तर, यांच्यासह जगण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की तो अभ्यासाचा विषय होऊ शकतो हेच ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखात नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या पार्श्वभूमीवर निवासी वसाहतींतील रस्त्यांच्या कामांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. खोदकामाचा त्रास नागरिक सहसा सहन करतात, कारण तो संपणारा असतो. न संपणारा त्रास दोन गोष्टींतून निर्माण होतो. कामे ज्या क्रमाने होतात तो क्रम ही पहिली, आणि काम संपल्यावर रस्त्याची जी पातळी राहते ती दुसरी. या दोहोंची नोंद रहिवाशाच्या बाजूने कोठेही होत नाही. गुत्तेदाराच्या देयकात ती नसते, मोजमाप पुस्तिकेत नसते आणि उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर तर नसतेच.

दोन शहरांची वाढ

नांदेड हे गोदावरीकाठचे जुने शहर. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंहजींनी येथे देह ठेवला व गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिले, त्यामुळे या शहरास देशभरातून यात्रेकरू येतात. २६ मार्च १९९७ रोजी नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे ३ डिसेंबर २००५ रोजी केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले, त्यात धार्मिक व ऐतिहासिक महत्त्वाचे शहर म्हणून नांदेडचा समावेश झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. त्यामुळे रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी नाल्या आणि नदीकाठाची सुधारणा अशी अनेक कामे अगदी थोड्या वर्षांत एकाच शहरात आली. जुन्या भागात रस्ता रुंदीकरण झाले आणि अनेक घरांचा व दुकानांचा दर्शनी भाग गेला. त्या वर्षांत शहराचे रूप पालटले हे खरे आहे, आणि ज्यांनी ते जवळून पाहिले त्यांना त्या वर्षांतील धूळही आठवते.

लातूरची गोष्ट निराळी. १९१७ साली नगररचनाकार फैय्याजुद्दीन यांनी आखलेली गंजगोलाई ही या शहराची ओळख आहे. मध्यभागी गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. तेथे रस्ता आधी आखला गेला आणि दुकाने नंतर उभी राहिली, ही साधी गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे (आताचा धाराशिव) विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. पुढे शिक्षणाचा 'लातूर पॅटर्न' प्रसिद्धीस आला, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर खेड्यांतून शहराकडे येणाऱ्यांत भर पडली, आणि २०११ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, तर लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार होती.

या दोन्ही शहरांचा बाहेरचा भाग गुंठेवारीने वाढला. शेतजमिनीचे तुकडे पाडले गेले, मधून वीस-पंचवीस फुटांची वाट सोडली गेली, आणि नोकरदार, छोटे व्यापारी, गावाकडची शेती विकून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे यांनी तेथे घरे बांधली. महाराष्ट्र शासनाने २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम केला तेव्हा ही घरे उभी राहून कित्येक वर्षे लोटली होती. गंजगोलाईचा क्रम येथे पूर्णपणे उलटला. आधी घर, मग विजेचा खांब, मग मुरमाचा रस्ता, मग नळाची वाहिनी, मग नाली, मग डांबर, मग भुयारी गटार, मग सिमेंट रस्ता आणि अलीकडे दूरसंचाराची केबल. यातील प्रत्येक गोष्ट रहिवाशांनी स्वतः मागितलेली होती, अर्ज-विनंत्या करून मिळवलेली होती. त्यामुळे तक्रार करताना आपल्यालाही थोडे ओशाळल्यासारखे होते.

क्रम कोण ठरवितो?

अभियांत्रिकीच्या दृष्टीने क्रम सोपा आहे. सर्वांत खोल जाणारी वाहिनी सर्वांत आधी. मलवाहिनीला उतार द्यावा लागतो, म्हणून ती बहुधा सर्वांत खोल असते, मुख्य मलवाहिनी तर दोन मीटरहून खाली जाते. पिण्याच्या पाण्याची वितरणवाहिनी साधारणपणे ०.६ ते १ मीटर खोल असते, विजेची कमी दाबाची केबल व दूरसंचाराच्या तारा त्याच सुमारास असतात. हे सर्व झाल्यावर नाली, आणि शेवटी रस्ता. भारतीय रोड काँग्रेस (स्थापना १९३४) या संस्थेने शहरी रस्त्यांखालील सेवावाहिन्यांची जागा व खोली कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वे फार पूर्वी प्रसिद्ध केली आहेत आणि १९९७ व २०११ साली त्यांची सुधारणाही केली आहे. तेव्हा ज्ञानाचा अभाव आहे असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात क्रम ठरवितो तो निधी. नळयोजनेचा पैसा एका लेखाशीर्षाखाली येतो, मलनिस्सारणाचा दुसऱ्या. रस्त्याचा पैसा कधी जिल्हा नियोजन समितीकडून, कधी नगरोत्थान योजनेतून, कधी आमदार वा खासदार निधीतून, कधी वित्त आयोगाच्या अनुदानातून येतो. ज्या लेखाशीर्षाचा पैसा आधी आला ते काम आधी होते. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरची घाई असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यारंभ आदेश निघतो, एप्रिल-मेमध्ये गल्ली उखडते, आणि काम भरात येते तोच मृगाचा पाऊस दाराशी येतो. शेतकरी मृगाच्या आधी नांगरट करून मोकळा होतो. गल्लीची नांगरट मात्र ऐन मृगात चालू असते, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत असत.

प्रस्तुत लेखक ज्या गल्लीत राहतो ती सुमारे दोनशे मीटर लांबीची आणि चौतीस घरांची आहे. शहराचे वा संबंधित यंत्रणेचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण या भागातील वाचकास ती गल्ली स्वतःचीच वाटण्याचा संभव अधिक आहे. या गल्लीच्या पहिल्या ऐंशी मीटरवर एका निधीतून सिमेंट रस्ता झाला. उरलेला भाग दोन वर्षांनी दुसऱ्या निधीतून झाला, आणि त्याची पातळी पहिल्यापेक्षा चार बोटे उंच राहिली. त्यानंतर सात महिन्यांनी नवी नळवाहिनी मंजूर झाल्याचे समजले. कटरने काँक्रीट कापण्याचा आवाज सुरू झाला त्या सकाळी गल्लीतील एकही माणूस भांडायला बाहेर आला नाही. सर्वजण ओट्यावर उभे राहून नुसते पाहत होते. पाणी हवेच होते.

काम चालू असताना

सिमेंट रस्त्याच्या कामात एकदा काँक्रीट पडले की त्यास किमान चौदा दिवस पाणी द्यावे लागते आणि वाहनांसाठी तो सुमारे अठ्ठावीस दिवस बंद ठेवणे इष्ट असते. गल्लीला दोन्ही बाजूंनी वाट असेल तर हे निभावते. गुंठेवारीतील पुष्कळ गल्ल्या एका बाजूने बंद असतात. तेथे सर्व वाहने महिनाभर कोपऱ्यावर ठेवावी लागतात. गॅसची टाकी कोपऱ्यापर्यंत येते, पुढे ती खांद्यावरून आणावी लागते. शाळेची रिक्षा आत येत नाही. भाजीची हातगाडी येत नाही आणि त्या हातगाडीवाल्याचेही गिऱ्हाईक तुटते, ही बाजू आपण फारशी लक्षात घेत नाही. घरगुती शिकवणी, शिलाईकाम, पिठाची गिरणी, किराणा अशी गल्लीतच चालणारी उपजीविका या दिवसांत मंदावते. तिच्या नुकसानीची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

लातूरमध्ये या सर्वांवर पाण्याचा ताण येतो. मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या या शहरास अनेक वर्षे आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने नळाचे पाणी मिळत आले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' नावाची ती गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पहिल्यांदा पोहोचली हे सर्वांना स्मरत असेल. अशा शहरात जेसीबीच्या एका फटक्याने घराची नळजोडणी तुटते तेव्हा त्याचा अर्थ पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा असतो. पाण्याची पाळी चुकली म्हणजे पुढच्या पाळीपर्यंत टँकर, आणि गल्ली उखडलेली असल्यामुळे टँकर दारापर्यंत येणार नाही. मग कोपऱ्यावरून घागरी. दुरुस्ती रहिवाशाने स्वतः करून घ्यायची असते, कारण जोडणी ही मुख्य वाहिनीपासून पुढे 'खाजगी' मानली जाते. ज्या यंत्राने ती तुटली ते तोवर पुढच्या गल्लीत गेलेले असते. उन्हाळ्यात अशाच शहरात काँक्रीटवर मातीचे वाफे करून पाणी साठविलेले दिसते. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी योग्य आहे, परंतु त्या वाफ्यांकडे पाहत रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला हे कसे समजावून सांगावे, हा प्रश्न या लेखकास अद्याप सुटलेला नाही.

आजारी व वृद्धांची स्थिती यापेक्षा बिकट असते. आमच्या गल्लीतील एक निवृत्त गुरुजी रोज पहाटे चालायला जात. खोदकाम सुरू झाल्यावर त्यांचे फिरणे थांबले. चरावर टाकलेल्या दोन फळ्यांवरून पाय घसरेल ही भीती होती. पाच महिन्यांनी रस्ता पूर्ण झाला तेव्हा त्यांची चालण्याची ताकदच उरलेली नव्हती. पुढे त्यांना दवाखान्यात न्यावे लागले त्या रात्री रुग्णवाहिका दारापर्यंत आली, कारण रस्ता उत्तम झालेला होता.

काळी माती आणि बुजविलेला चर

आपल्या भागातील रस्त्यांबद्दल बोलताना भ्रष्टाचार हा शब्द लवकर येतो. तो अस्थानी असतो असे नाही. परंतु त्याने सर्व उलगडा होतो असे मानल्यास मातीकडे दुर्लक्ष होते. मराठवाड्यातील काळी माती ही बेसाल्ट खडक झिजून बनलेली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणधर्मामुळे. कापूस-ज्वारीस ही माती वरदान आहे, तर रस्त्याच्या पायास ती शाप ठरते. गोदाकाठच्या नांदेडमध्ये अनेक भागांत तिचा थर खोल आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूरमध्ये पुष्कळ ठिकाणी थर पातळ असून खाली मुरूम व काळा पाषाण लागतो, त्यामुळे तेथे चर खणण्यासाठी ब्रेकर लावावा लागतो आणि लगतच्या घरांच्या भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी होतात.

चर खणणे सोपे असते, बुजविणे हे खरे कौशल्याचे काम आहे. वाहिनी टाकल्यावर तिच्याभोवती वाळू किंवा बारीक चुरी, वर मुरमाचे पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, असे करीत वर आले पाहिजे. प्रत्यक्षात खणून काढलेली काळी मातीच जेसीबीच्या सुपाने एकदाच परत लोटली जाते आणि वरून चाक फिरवून ती दाबली असे मानले जाते. उरलेली माती ढिगासारखी वर ठेवतात, "पावसात बसेल" म्हणून. ती बसतेही, पण हवी तेथे बसत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर चराच्या जागी लांब खळगी पडते, तीत रिक्षाचे चाक रुतते, पाणी मुरते, लगतच्या न खणलेल्या मातीत उतरते आणि ती फुगून शेजारचे डांबर उचलते. अडीच फुटांचा चर असा दोन पावसाळ्यांत सहा-सात फुटांचा होतो. काँक्रीट कापलेल्या ठिकाणी वर नवीन काँक्रीटची पट्टी भरली तरी खालचा भराव बसल्यावर ती पट्टी अधांतरी राहते आणि जड टँकरखाली मोडते. वरून पाहणाऱ्यास सिमेंट खराब होते असे वाटते, दोष खालच्या मातीत असतो.

येथे जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्याच्या गुत्तेदारावर दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे ठरावीक वर्षांत बिघाड झाल्यास त्याने स्वखर्चाने दुरुस्ती करावयाची. परंतु मध्ये दुसऱ्याने चर खणला की तो सहज म्हणू शकतो की बिघाड माझ्यामुळे नाही. वाहिनीचा गुत्तेदार म्हणतो, माझे काम नळ टाकण्याचे, रस्त्याची पुनर्बांधणी वेगळ्या बाबीत आहे. केबल टाकणारी कंपनी म्हणते, आम्ही रस्ताफोडीचे शुल्क भरले आहे. तिघेही कागदावर खरे बोलत असतात. ब्रिटनमध्ये १९९१ साली झालेल्या रस्ते व रस्त्यावरील कामांच्या कायद्यात यावर एक सरळ तोड काढलेली दिसते. जो खणेल त्यानेच पूर्ववत करावे, आणि केलेल्या दुरुस्तीची हमी दोन वर्षे, खोल खोदकाम असल्यास तीन वर्षे त्याच्याच अंगावर राहावी. शिवाय मोठे काम झालेल्या रस्त्यावर ठरावीक काळ पुन्हा खोदण्यास बंदी घालण्याची सोय त्यात आहे. तेथेही तक्रारी संपलेल्या नाहीत हे मान्य केले, तरी तक्रार कोणाकडे करावयाची हे तेथील रहिवाशास माहीत असते.

आपल्याकडे २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप सुरू झाले. खोदणारी यंत्रणा व जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या यंत्रणा यांचा परस्परसंपर्क व्हावा हा त्याचा हेतू. तो स्तुत्य आहे. केबल तुटू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे. ज्याच्या दारापुढे खणले जाणार त्यास कळविण्याची व्यवस्था अद्याप व्हावयाची आहे.

पातळीचा प्रश्न

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले त्याकडे वळतो. घर बांधताना मराठवाड्यातील माणूस जोते उंच घेतो. काळी जमीन, पावसाळ्यातील चिखल, विंचू-काटा, सारेच त्यामागे असते. आमच्या गल्लीतील बहुतेक घरांना १९९८ च्या सुमारास चार पायऱ्या होत्या. मुरूम पडला आणि एक पायरी गेली. खडीकरण व डांबरीकरणाने दुसरी गेली. डांबराचा दुसरा थर आणि त्यावर सिमेंट रस्ता, असे होत आज काही घरांना एकही पायरी उरलेली नाही आणि शेवटच्या पाच घरांत रस्त्यावरून खाली उतरावे लागते. घर जागेवरच आहे, रस्ता वर आला आहे.

असे का होते? देयक नव्या थराच्या घनफळावर निघते. जुना थर खरवडून काढणे ही स्वतंत्र बाब आहे. त्यासाठी यंत्र लागते, निघालेला माल वाहून नेऊन टाकण्यास जागा लागते आणि दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक वाढते. मोठ्या शहरांतील हमरस्त्यांवर खरवडणारी यंत्रे दिसतात, गल्लीबोळात ती सहसा येत नाहीत. म्हणून जुन्यावर नवे हा सोयीचा मार्ग ठरतो. जुना थर तसाच राहिल्याने पाया मजबूत होतो असा युक्तिवादही केला जातो आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात काही तथ्य आहे. त्यात मोजले जात नाही ते फक्त घर.

रस्ता उंचावला की नालीही उंच करावी लागते, नाहीतर ती बुजते. नाली उंच झाली की न्हाणीघराचे पाणी बाहेर जाण्यास उतार उरत नाही. सुरुवातीस पावसाळ्यात एखाद्या वेळी अंगणात पाणी येते. मग उंबरठ्यावर सिमेंटचा बांध घातला जातो. पुढे भिंतीला ओल धरते, पोपडे पडतात, कपाटाच्या पाठीला बुरशी येते. ज्याची ऐपत आहे तो फरशी उचलून भराव टाकतो, मग दारे कापावी लागतात आणि छत डोक्याला लागू लागते. घर जॅकवर उचलून देणारे कारागीर आता आपल्या भागातही मिळतात, पण विनाखांबाच्या, भारवाहक भिंतींच्या जुन्या घरास हा उपाय करण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. ज्याची ऐपत नाही तो घर विकावयास काढतो, आणि घेणारा प्रथम रस्त्यावर उभा राहून उंबरठ्याकडे पाहतो व मग किंमत सांगतो.

वसाहतीतील घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची एकमेव मालमत्ता असते. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून, गावाकडचा तुकडा विकून, पत्नीचे दागिने मोडून ती उभी केलेली असते. रस्ता सुधारल्याने मालमत्तेची किंमत वाढते हे अर्थशास्त्रातील सर्वमान्य विधान आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी ते खरेही ठरते. शेवटच्या पाच घरांत ते उलटते. एकाच रस्त्याने एकोणतीस घरांची किंमत वाढविली आणि पाचांची घटविली. मालमत्ता कर मात्र सर्वांचा चालूच राहिला. सार्वजनिक कामाचे लाभ व भार यांची ही वाटणी आपल्या संशोधनाचा विषय व्हावयास हवी असे सुचवावेसे वाटते.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांचे बांधकाम, देखभाल व सुधारणा हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. काम चालू असताना जागेस कठडा घालणे आणि रात्री दिवा लावणे ही जबाबदारीही कायद्याने सांगितलेली आहे. जुन्या मुंबई कायद्यांपासून ती चालत आली आहे. दिव्याच्या जागी आपण पोत्यात खोचलेली काठी पाहतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खड्ड्यांच्या प्रश्नावर स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि २०१५ साली सुस्थितीतील रस्ते हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. मृत्यूची व जखमेची किंमत अशा रीतीने ठरली आहे. ओल धरलेल्या भिंतीची, बंद पडलेल्या फिरण्याची, चुकलेल्या पाण्याच्या पाळीची दाद मागण्यास अजून तरी जागा नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल व दोषदायित्वाची मुदत यांच्या प्रती मिळू शकतात. आपण शिक्षक मंडळी सेवाज्येष्ठतेच्या वादात हा कायदा वापरतो, गल्लीसाठी वापरीत नाही. नागरी पुनरुत्थान अभियानात लोकसहभागाचा कायदा करणे ही राज्यांना घातलेली एक अट होती, हेही येथे नमूद करावे. लोकसहभाग आपल्याकडे बहुधा भूमिपूजनाच्या दिवशी दिसतो. त्या दिवशी रस्त्याची उंची किती राहणार असा प्रश्न विचारल्यास मंडपातील वातावरण थोडे बिघडते, हा स्वानुभव आहे.

महाविद्यालयास करता येण्यासारखे

पातळी मोजण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, एक टेप आणि दोन विद्यार्थी पुरेत. काम सुरू होण्यापूर्वी गल्लीतील प्रत्येक घराच्या जोत्यावर एक खूण करावी, रस्त्याच्या मध्यापासून तिची उंची लिहून ठेवावी, छायाचित्र काढावे आणि तो तक्ता रहिवाशांच्या सह्यांसह संबंधित कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्यावा. काम झाल्यावर पुन्हा मोजावे. भूगोल विभागाचा प्रकल्प म्हणून किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या नियमित उपक्रमात हे सहज बसते. आपण दरवर्षी दत्तक खेड्यात जाऊन शोषखड्डे खणतो, त्यातील दोन दिवस शहरातील वसाहतीस देता येतील. असे पाच-दहा वर्षांचे तक्ते साठले, तर रस्ता कोणत्या भागात किती वर चढला याची विश्वसनीय नोंद प्रथमच उपलब्ध होईल. आज यासंबंधी आपल्याजवळ आहेत त्या आठवणीतल्या पायऱ्या.

आमच्या गल्लीत हा प्रयोग २०१९ साली अगदी लहान प्रमाणावर केला. शेवटून तिसऱ्या घराच्या भिंतीवर तत्कालीन रस्त्यापासून बरोबर साठ सेंटिमीटरवर लाल रंगाची रेघ ओढली आणि तिच्याखाली तारीख लिहिली. गेल्या उन्हाळ्यात नव्या थराचे काम निघाले तेव्हा ती रेघ रस्त्यापासून एकेचाळीस सेंटिमीटरवर होती. पाहणीस आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने ही रेघ कसली असे विचारले. घरमालकिणीने सांगितले. त्याने सोबतच्या माणसाकडून टेप मागून घेतला, स्वतः वाकून मोजले, वहीत आकडा लिहिला, आणि त्या पाच घरांपुरता जुना थर काढून मगच नवा टाकावा असे गुत्तेदारास सांगितले. गुत्तेदाराने ते बाबीत नसल्याचे सांगितले. दोघांचे बराच वेळ बोलणे चालले होते. शेवटी पाचांपैकी तीन घरांपुढचा थर निघाला.